कोपऱ्यातून परत यायचा नियम

काळजी खात्याच्या व्हरांड्यातलं बाक इतकं अरुंद होतं, की त्यावर बसलेला साधा माणूसही अपराधी दिसायचा. थोरली त्यावर अंग चोरून बसली होती. तिच्या धाकट्या बहिणीला खात्याची माणसं घेऊन गेली त्याला आठवडा होत आला होता. आत बोलावणं यावं म्हणून तिने रोज खेटे घातले, हातापाया पडली, आणि आज बोलावणं आलं तर पाय उचलत नव्हते. भीतीचं हे असंच असतं. दार बंद असलं तरी भीती, उघडलं तरी भीती.

शेजारी एक बाई मांडीवर जेवणाचा डबा धरून बसल्या होत्या.

"कोण आहे हो आत तुमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बहीण. धाकटी."

"अगं बाई! काय बोलली?"

"काही नाही. एक विनोद."

बाईंनी जीभ चावली आणि मग थोरलीच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका. इथला साहेब माझा भाऊच आहे. बाहेरून कडक, पण आतून अगदी मऊ. आता बघा ना, एवढा मोठा साहेब झाला, तरी डबा विसरलाच! तुम्ही राहता कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागची गल्ली. हिरवं दार."

घाबरलेला माणूस विचारलं तेवढं सांगून मोकळा होतो. थोरलीने तर मागचं दार कुठे उघडतं तेही सांगितलं असतं.

दोघी बहिणींना खरी नावं होती, पण ती आता कोणाला आठवत नव्हती. त्याला कारण एक खेळ. खेळाच्या पहिल्या पानावर 'रचना : थोरली आणि धाकटी' असं छापलं होतं, आणि तेच दोघींना आयुष्यभराचं चिकटलं.

खेळाचं नाव 'आईला सांगीन'. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, फासे घ्यायचे आणि सोंगं वठवायची. एकाने खेळ चालवायचा, म्हणजे गोष्ट पुढे न्यायची. "तू फाटकाशी उभा आहेस. पहारेकरी विचारतो, पिशवीत काय? काय करतोस?" बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर पचलं की अंगलट आलं हे फाशाने ठरवायचं. गोष्ट एका वसाहतीची. तिथे राज्य करतो एक कर्णा, आणि कर्ण्यातून बोलते आई. जेवलात का? हात धुतलेत का? शेजारचा काय कुजबुजत होता? वसाहतीतला प्रत्येक जण आईचं लेकरू, आणि प्रत्येक लेकराकडे एक गुपित. दुसऱ्याचं गुपित हाती लागलं, की टेबलावर टिचकी मारून ओरडायचं, "आईला सांगीन!" सांगणाऱ्याला एक पेपरमिंटची गोळी. ज्याचं नाव सांगितलं, तो कोपऱ्यात.

कोपरा म्हणजे खरोखरचा कोपरा. दोघींच्या खोलीत एका कोपऱ्यात पलंग होता, एकात कपाट, एकात पाण्याचं पिंप. मोकळा राहिला तो चौथा. तिथे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मागे मित्रमंडळी हसून हसून आडवी होताना ऐकायची. खेळ चालवायची थोरली, आणि सगळ्यांत जास्त वेळा कोपऱ्यात जायचीही तीच, कारण धाकटी तिच्यावर डूख धरून असायची. धाकटीला गोळ्यांचं भारी वेड. दुसऱ्या कोणाचं गुपित सापडलं नाही, तर ती टिचकी मारून स्वतःचंच नाव सांगायची, गोळी तोंडात टाकायची आणि नाचत कोपऱ्यात जायची. "हे नियमात बसत नाही," असं थोरली म्हणाली, तर तिने डोळ्यांतून पाणी काढलं. मग थोरलीने तो नियमच करून टाकला. तेव्हा नियम असेच व्हायचे.

ती पहिली आवृत्ती. निळ्या शाईच्या पुसट प्रती, टाचण्या मारलेल्या, आणि प्रत्येक प्रतीबरोबर कागदाच्या पुडीत पेपरमिंट. मुंग्याही खेळायच्या म्हणा ना.

मग प्रकाशक आला, आणि दुसरी आवृत्ती खोक्यात बसली. गोळ्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या चकत्या. कोपरा म्हणजे छापील तक्त्यावरचा एक चौकोन. पुस्तकाचा मजकूर एका पानाने जास्त झाला. छापखान्यात पानं सोळा-सोळाच्या घडीत बसतात, एक पान वर गेलं की अख्खी नवी घडी लागते. "काय काढू?" छापखानेवाल्याने फोनवर विचारलं. थोरलीने चहा ढवळता ढवळता सांगितलं, "कोपऱ्यातून परत यायचं पान काढा. ते काय, सगळ्यांना माहीतच आहे."

सगळ्यांना म्हणजे त्या खोलीतल्यांना. बाहेर हजारो पोरं तो खेळ पुस्तकातून शिकली, आणि पुस्तकात कोपऱ्यात जायचं होतं, यायचं नव्हतं. तिसरी आवृत्ती निघेपर्यंत ती पोरं मोठी झाली होती आणि त्यांना खेळ गंभीर हवा होता. प्रकाशकाने विनोद गाळले, काळं वेष्टन घातलं आणि वर लाल अक्षरांत छापलं, 'कोपऱ्यातून कोणी परत येत नाही.' धाकटी त्या दिवशी प्रकाशकाशी कडाकडा भांडली. थोरली म्हणाली, "जाऊ दे गं, खेळच तर आहे."

पुढे गावात राज्य बदललं. काळजी खातं आलं, चौकाचौकात कर्णे आले, आणि कर्ण्यांतून एका बाईचा मायाळू आवाज विचारू लागला, झोप नीट झाली ना सगळ्यांची? आधी दोघी पोट धरून हसल्या. मग हसायच्या थांबल्या. खात्यात भरती झालेली सगळी माणसं हाच खेळ खेळून मोठी झालेली. खात्याला नियमावली हवी होती, आणि ती तर तयारच होती, छापील, अनुक्रमणिकेसकट. आयत्या बिळावर नागोबा! पहिली आवृत्ती तेवढी खात्याने जप्त करून जाळली, कारण ती वाचून लोकांना हसू येत होतं. आपली प्रत थोरली स्वतः जाऊन जमा करून आली होती, रांगेत उभी राहून.

आणि मागच्या आठवड्यात पावाच्या रांगेत कर्ण्याने विचारलं, झोप नीट झाली ना? धाकटी मोठ्याने म्हणाली, "झाली असती, आई, पण तू घोरतेस ना!" रांग हसली. हसणाऱ्यांपैकीच कोणीतरी सांगितलं.

"थोरल्या ताई, आत या," दारातून आवाज आला.

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, बाजूला टंकयंत्रापुढे बसलेली एक टायपिस्ट, आणि मागच्या भिंतीला पोपडे धरलेला एक रिकामा कोपरा. साहेब उठून उभा राहिला. चेहरा आनंदाने फुललेला. थोरलीला हा चेहरा ओळखीचा होता. खेळांच्या जत्रांत असे कितीतरी चेहरे तिच्यापुढे खोकी घेऊन सहीसाठी उभे राहिलेले होते.

"बसा ना, ताई! माझा विश्वासच बसत नाही. हा खेळ मला माझ्या बहिणीने शिकवला. लहानपणी रोज मला कोपऱ्यात पाठवायची. चहा घेणार?"

"नको. माझी बहीण..."

"येतो, येतो तिकडे. आधी माझी एक शंका. कित्येक वर्षांची आहे, आणि तुमच्यासारखी अधिकारी व्यक्ती पुन्हा कधी भेटायची? कोपऱ्यातल्याला बाहेरच्यांशी बोलता येतं का हो? पुस्तकात कुठेच नाही."

"नाही," थोरली म्हणाली. "कोपऱ्यातला मुका. कोणी काही विचारलं तरी बोलायचं नाही."

जत्रेत असं कोणी विचारलं की ती असंच फाडकन सांगायची. वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला आणि टंकयंत्र खडखडलं. टायपिस्टने कागद ओढून काढला, साहेबाने त्यावर सही केली आणि तो एका ट्रेमध्ये ठेवला.

"बरं झालं. भेटीगाठी, निरोप, उगाच गोंधळ व्हायचा. आजपासून बंद."

आठवडाभर थोरली ज्या भेटीसाठी खेटे घालत होती, ती तिने स्वतःच्या तोंडाने बंद केली होती. फक्त आपल्या बहिणीची नाही, आत असलेल्या सगळ्यांची. हातात रुमाल होता, तो तिने इतका पिळला की बोटं दुखली. आता प्रत्येक शब्द मोजून, असं तिने स्वतःला बजावलं, आणि त्याच क्षणी तिचे शब्द पळून गेले.

"साहेब, तिला सोडा," एवढंच निघालं.

"कोपऱ्यातून कोणी परत येत नाही, ताई. तुमच्याच वेष्टनावर आहे."

"ती जाहिरात होती हो! नियमात कुठेही नाही तसं. परत येतात. पहिल्या आवृत्तीत येत होते. एक पान कमी करायचं म्हणून मीच काढलं ते. आणि पुस्तकाच्या शेवटी आहे बघा, नियमात जे नाही ते रचनाकाराला विचारावं, त्याचा शब्द अखेरचा. मी सांगते ना, परत येतात."

साहेबाच्या डोळ्यांत एक चोरटी, पोरसवदा चमक आली. त्याने खिशातून किल्ली काढली, टेबलाचा खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी वर ठेवलं. फडकं बाजूला केलं. निळी शाई, गंजलेल्या टाचण्या.

टंकयंत्र थांबलं. टायपिस्टने एकदा त्या प्रतीकडे पाहिलं आणि पुन्हा यंत्राकडे बघू लागली.

"जप्तीत आली होती. जाळवेना," साहेब अभिमानाने म्हणाला. "हं, हे बघा तुमचं पान. 'कोपऱ्यातून परत येणे.' पण ताई, तुम्ही अर्धंच सांगितलंत. 'कोपरा एकच. नवं लेकरू कोपऱ्यात आलं, की जुनं सुटतं. सर्वांनी सरकून त्याला जागा द्यावी आणि एक गोळी द्यावी.' वा! किती साधा नियम. हा लागू करू या आपण. लिहा हो बाई."

टंकयंत्र पुन्हा खडखडलं. साहेबाने खिशातून एक पेपरमिंटची गोळी काढून टेबलावर ठेवली.

"सांगा. कोणाचं नाव?"

थोरली गोळीकडे बघत राहिली. खोलीत जागा कमी म्हणून केलेला नियम. त्या चार भिंतींत त्याच्यासारखा निरुपद्रवी नियम नव्हता. आता तिला वाटलं, आपण तेव्हासुद्धा एवढं हसत कसे होतो?

नावं तर सुचत होती. तेच भयंकर होतं. पावाच्या रांगेतली ती पिवळ्या छत्रीवाली बाई, सगळ्यांत मोठ्याने हसली आणि मग घाईने निघून गेली. प्रकाशक, ज्याने काळं वेष्टन घातलं. छापखानेवाला, त्याच्या माळ्यावर अजूनही काही जुन्या प्रती असतील. तीन नावं जिभेवर येऊन उभी राहिली, आणि त्यांतलं एखादं आपोआप बाहेर पडेल म्हणून तिने दात आवळून धरले. आईगं, तिने मनात म्हटलं, आणि मनातसुद्धा तो शब्द तिला घाबरवून गेला.

मग तिला गोळी तोंडात टाकून कोपऱ्याकडे नाचत जाणारी धाकटी आठवली.

तिने टेबलावर टिचकी मारली. इतकी हळू, की साहेबाला पुढे वाकावं लागलं.

"आईला सांगीन," ती म्हणाली. "माझंच नाव."

साहेबाने टाळी वाजवली. "धाकट्या ताईंची खेळी! पान नऊ! मला वाटलंच होतं!" त्याने घंटी दाबली, शिपायाला धाकटीला घेऊन यायला सांगितलं, आणि मग अत्यंत आदराने कोपऱ्याकडे हात केला. "त्यांना येऊ दे, मग तुम्हाला खालच्या कोपऱ्यात नेतील. तोवर हा. तेवढीच जुन्या पद्धतीची हौस."

थोरली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नाकासमोर पोपडे. चुन्याचा वास. इतक्या वर्षांनी पुन्हा कोपऱ्यात, आणि मागे कोणी हसत नव्हतं. तिला रडू येत होतं, पण भीती इतकी दाटून आली होती की रडायला जागाच उरली नव्हती.

दार उघडलं. पावलं, ओढत आलेली. खुर्ची सरकली.

"या, धाकट्या ताई. तुम्ही सुटलात. तुमच्या जागी तुमच्या ताई आल्या. ही घ्या गोळी, नियमाप्रमाणे."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. थोरलीला मागे वळून बघायचं होतं. मान लाकडासारखी झाली होती. धाकटी बारीक झाली असेल. काही खायला देत असतील का? बोलत का नाही ही? ही गप्प बसणारी पोर नव्हे.

मग टिचकी वाजली. खणखणीत, अगदी जुन्या टेबलावरची.

"आईला सांगीन." आवाज घोगरा होता, पण धाकटीचाच. "साहेबांच्या टेबलावर पहिली आवृत्ती आहे. जाळायची सोडून जपून ठेवलीय."

साहेब हसला. मग त्याचं हसू मध्येच अडकलं, कारण टंकयंत्र खडखडत होतं.

"अहो बाई, ते लिहू नका. ताई, मी खेळ चालवतोय ना. खेळ चालवणाऱ्याला कोपरा नसतो." खुर्ची मागे सरकली. "थोरल्या ताई, सांगा ना ह्यांना. तुमचा शब्द अखेरचा. खेळ चालवणाऱ्याला कोपरा नसतो, बरोबर ना?"

थोरलीला उत्तर माहीत होतं. खेळ चालवणारी तीच, आणि सगळ्यांत जास्त वेळा कोपऱ्यात गेलेलीही तीच. पण नेमकं उलट सांगितलं असतं, तर तो वाचला असता. एक 'बरोबर', बस. शब्द ओठांपर्यंत आला. पण ती कोपऱ्यात होती, आणि कोपऱ्यातला मुका असतो, कोणी काही विचारलं तरी. मघाशी तिनेच सांगितलं होतं, सहीसुद्धा झाली होती. ती पोपड्यांकडे बघत राहिली. नियम पाळला म्हणून, की घाबरली म्हणून, की धाकटी हवी होती म्हणून, हे तिचं तिलाही कधी कळलं नाही.

"ताई? अहो ताई, बोला ना!"

टायपिस्टने फोन उचलला. तिचा आवाज थोरलीने तेव्हा पहिल्यांदा ऐकला, सपाट आणि दमलेला. "हॅलो. आईला सांगायचं आहे."

खात्याची माणसं आली आणि साहेबाला मागच्या दाराने घेऊन गेली. तो ओरडला नाही. शेवटपर्यंत थोरलीच्या पाठीकडे बघत असणार, कारण तिच्या पाठीवर काटा राहिला तो राहिलाच.

"कोपरा भरला," टायपिस्ट म्हणाली. "तुम्ही दोघी जा."

धाकटीचा हात धरून थोरली व्हरांड्यात आली. धाकटीच्या मनगटाची हाडं लागत होती. बाकावर त्या बाई तशाच बसल्या होत्या, डबा मांडीवर. दोघींना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! बहिणीला घेऊनच आलात की! म्हटलं नव्हतं मी, मऊ आहे तो म्हणून?"

थोरलीने डब्याकडे पाहिलं.

"कामात असेल ना अजून? गार होतंय हो सगळं," बाई म्हणाल्या. "निदान दोन घास खाल्ले का त्याने?"

"अजून नाही," थोरली म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

रस्त्यावर ऊन होतं. पावाच्या दुकानासमोर रांग होती, नेहमीसारखी. धाकटीने गोळी तोंडात टाकली होती, पण ती चघळत नव्हती.

"कोण गं ती?"

"साहेबांची बहीण."

धाकटी चालता चालता थांबली. "थोरली की धाकटी?"

"थोरली."

"मग ती आता आत जाऊन विचारणार. परत यायचा काही नियम आहे का म्हणून."

"हो."

"आणि ती टायपिस्ट सांगणार."

"टाईप केलेलाच आहे."

धाकटीने गोळी हातावर काढली आणि तिच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, कर्ण्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "ताई, तिला आपलं घर माहीत नाही ना?"

थोरलीने बहिणीचा हात घट्ट धरला आणि दोघी घराच्या उलट दिशेला चालू लागल्या. डोक्यावरच्या कर्ण्यातून मायेने विचारणं चालू होतं, सगळी लेकरं घरी पोचली ना?